बर्फ का फुटला? : चित्रपटातली श्रद्धा आणि बुद्धीची हद्द

पाणकळा
(कथानक शेवटापर्यंत उघड केलं आहे. ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहा.)

आमच्या फिल्म क्लबात पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कीच्या 'डेकालॉग'चा पहिला भाग दाखवला. नंतरच्या चर्चेत बहुतेकांनी एकच अर्थ लावला : बापाने देव सोडून संगणकावर भरवसा ठेवला, म्हणून देवाने त्याला अद्दल घडवली. मला हा अर्थ पटत नाही. गेले काही दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा काढते आहे.

१९८८ साली पोलंडच्या दूरचित्रवाणीसाठी किश्लोव्स्कीने दहा चित्रपट केले. प्रत्येक साधारण तासाभराचा, बायबलमधल्या एकेका आज्ञेचा धागा धरून. पहिल्या भागात वॉर्सातली उंच इमारतींची वसाहत आहे आणि कडाक्याचा हिवाळा. क्शिश्तोफ विद्यापीठात शिकवतो. त्याचा लहान मुलगा पावेल विलक्षण हुशार. बापलेक मिळून घरच्या संगणकावर गणितं सोडवतात. आई लांब राहते. आत्या इरेना श्रद्धाळू कॅथलिक. नाताळसाठी लपवून ठेवलेले स्केट्स पावेलला आधीच सापडतात, घराजवळचं तळं गोठलेलं असतं. बाप हवामान खात्याकडून तापमानाचे आकडे घेतो, संगणकाला विचारतो. उत्तर येतं की पावेलच्या वजनाच्या तिप्पट भार बर्फ सहज पेलेल. एवढ्यावरही तो थांबत नाही, रात्री स्वतः जाऊन बर्फावर चालून बघतो. दुसऱ्या दिवशी बर्फ फुटतो आणि पावेल बुडून जातो.

या माणसाने हयगय कुठे केली? तो उर्मट नाही, बहिणीच्या श्रद्धेची टिंगल करत नाही, पोराला धर्मशिक्षणाला पाठवायलाही आडकाठी करत नाही. काळजी घेणाऱ्या बापाने जे करायचं ते सगळं त्याने केलं. अशा माणसाला 'शिक्षा' झाली म्हणणं मला क्रूर वाटतं, देवाच्या बाजूने विचार केला तरी.

तर तुम्हाला काय वाटतं? आणि श्रद्धा-बुद्धीच्या झगड्यावरचे असे कोणते चित्रपट आहेत, ज्यांनी निकाल आधीच ठरवून ठेवलेला नाही?

मोरपंखी
पाहिला आहे. पुन्हा पाहण्याची हिंमत नाही. वाचते आहे.

तर्ककर्कश
पाणकळा, क्लबातल्या लोकांना दोष देऊ नका, तो अर्थ दिग्दर्शकानेच सुचवलाय. शाईची बाटली आपोआप गळते आणि कागदांवर निळा डाग पसरतो. बंद संगणक आपोआप सुरू होतो आणि 'मी तयार आहे' अशी अक्षरं दाखवतो. तळ्याकाठी एक अनोळखी माणूस शेकोटी करून बसलाय आणि थेट आपल्याकडे बघतो. इतके शकुन-अपशकुन पेरल्यावर प्रेक्षक दुसरं काय म्हणणार?

माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. पडद्यावरचा बर्फ पटकथेने फोडलाय. चित्रपटात निसर्गाचे नियम लेखकाच्या हातात असतात, त्यामुळे तिथे बुद्धिवाद्याला हरवणं फार स्वस्त पडतं. आपल्या हिंदी सिनेमाने तर तेच केलं : नास्तिक नायक शेवटच्या रिळात देवळाची घंटा वाजवतो आणि इकडे ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा विझतो. पोलंडमधला चित्रपट जास्त देखणा आहे, जास्त शांत आहे, पण फासे तिथेही बनवलेलेच.

बोरूबहाद्दर
लाल दिव्याला +१. डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसत 'अब दुआ की ज़रूरत है' म्हणतात तेव्हा सगळा वैद्यकीय अभ्यासक्रम वाया गेल्यासारखं वाटतं.

उत्तरध्रुव
मी फिनलंडमधल्या औलूला राहतो, गोठलेल्या पाण्याशी दर हिवाळ्यात गाठ पडते. म्हणून फक्त बर्फाबद्दल.

तापमानावरून जाडीचा अंदाज काढता येतो, पण तो अंदाजच. वर भुसभुशीत हिम पडलेलं असलं तर ते पांघरुणाचं काम करतं आणि खालचा बर्फ हवा तेवढा वाढत नाही. जिथे ओढा येऊन मिळतो, जिथे सांडपाण्याचं तोंड आहे, जिथे लव्हाळी उगवलीत, पुलाखाली, तिथे त्याच तळ्यातला बर्फ पातळ असतो. दहा पावलांवर जाडी बदलते. शिवाय भार पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात चालते, म्हणजे जाडी निम्मी झाली की ताकद चौथाई. पारदर्शक काळसर बर्फ घट्ट. हिम भिजून पुन्हा गोठलेला पांढरा बर्फ त्याच्या मानाने बराच कमकुवत.

इथे चालण्यासाठी निदान १० सेंटीमीटर घट्ट बर्फ हवा असं सांगतात, आणि तो ठिकठिकाणी भोक पाडून मोजतात. तरीही अनुभवी मासेमारी करणारे गळ्यात दोरीला बांधलेल्या दोन टोकदार खुंट्या घालूनच बर्फावर जातात. पाण्यात पडलंच तर त्या बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. ज्यांचा अंदाज कधी चुकत नाही अशा म्हाताऱ्यांच्या गळ्यातही त्या असतात.

क्शिश्तोफच्या गणितात मला चूक दिसत नाही. पण तळं सगळीकडे एकसारखं आहे असं त्याने धरलं. एका वाटेने चालून बघितलं, पोरगं दुसऱ्या वाटेने गेलं असेल.

तर्ककर्कश
उत्तरध्रुव, झकास प्रतिसाद. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. माहिती अपुरी होती, एवढंच. याला बुद्धीची हद्द म्हणायचं कशाला? पुढच्या वेळी दहा ठिकाणी भोकं पाडा. चूक सापडली की बुद्धीच ती दुरुस्त करते, श्रद्धेकडे ती सोय नाही.

कातरवेळ
'पुढच्या वेळी' कुणाला मिळते, तर्ककर्कश? पावेलला तर नाही. विज्ञानाला पुढची वेळ असते, एका बापाला नसते. माहिती नेहमीच थोडी अपुरी असणार आणि तरीही आज संध्याकाळी पोराला 'जा' किंवा 'नको' सांगायचं आहे. मला हद्द तिथे दिसते. क्शिश्तोफच्या जागी मी असते तर मीही 'जा' म्हटलं असतं.

फासे बनवलेले असण्याबद्दल : मग तुम्ही डॅनिश दिग्दर्शक ड्रायरचा 'ऑर्डेट' (१९५५) पाहायलाच हवा. तिथे तर दिग्दर्शक उघडउघड चमत्कार घडवतो. डेन्मार्कमधलं शेतकरी कुटुंब. म्हातारा मोर्टेन बोर्गेन देवभक्त, थोरला मुलगा मिकेल देव न मानणारा, मधला योहानेस धर्मशास्त्र शिकता शिकता भ्रमिष्ट झालेला आणि स्वतःला येशू समजणारा. मिकेलची बायको इंगर बाळंतपणात अडते. बाळ जातं, ती जगेल असं वाटतं. तेव्हा डॉक्टर म्हाताऱ्याला विचारतो की जास्त उपयोग कशाचा झाला, तुमच्या प्रार्थनेचा की माझ्या उपचारांचा? आणि थोड्याच वेळात इंगर जाते. त्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर नाही उरत.

पुढे योहानेस शवपेटीपाशी उभा राहतो आणि तिला उठायला सांगतो. पाद्री तिथेच आहे, आणि त्याच्या मते चमत्कार आता होत नसतात. म्हणजे चमत्कारावर भरवसा डॉक्टरचा नाही तसा धर्मोपदेशकाचाही नाही. भरवसा आहे फक्त इंगरच्या लहानग्या मुलीचा; ती काकाचा हात धरून उभी असते आणि आई उठणार हे तिला ठाऊकच असतं. इंगर उठते. मला ते पाहताना 'देव जिंकला' असं वाटलं नाही. त्याआधी म्हातारा मुलाची समजूत घालतो की तिचा आत्मा स्वर्गात आहे, तेव्हा मिकेल म्हणतो की माझं तिच्या देहावरही प्रेम होतं. एवढं स्पष्ट वाक्य श्रद्धेच्या चित्रपटात नास्तिकाच्या तोंडी दिलंय. याला बनवलेले फासे म्हणता येणार नाही.

मोरपंखी
मूळ नाटक काइ मुंक यांचं ना? ते स्वतः पाद्री होते, १९४४ साली गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना मारलं. ड्रायरने बाहेरचं चित्रीकरण त्यांच्याच वेडरसो गावात केलं.

शेवंता
मी रुग्णालयात काम करते, अतिदक्षता विभागात. तुमच्या चर्चेत फार मोठमोठे चित्रपट आलेत, मी सत्यजित रायांच्या 'देवी'बद्दल (१९६०) लिहिते कारण तो मला कामावर रोज आठवतो.

जमीनदार सासऱ्याला स्वप्न पडतं की धाकटी सून दयामयी म्हणजे साक्षात काली. नवरा कलकत्त्याला शिकायला. तिला चौरंगावर बसवून आरत्या सुरू होतात. एका भिकाऱ्याचा मरायला टेकलेला नातू तिच्या पायाशी आणून ठेवतात आणि तो खरंच बरा होतो. हे बरं होणं फार महत्त्वाचं आहे. तिथून पुढे कुणी काही बोलू शकत नाही. घरातलं पोर, तिचा लाडका पुतण्या आजारी पडतो तेव्हा वैद्याऐवजी त्याला तिच्या मांडीवर देतात. ते मूल दगावतं.

नातेवाईक अंगाऱ्याच्या पुड्या आणतात. उशीखाली ठेवू देतो आम्ही. मनगटात गंडा असतो, सलाइनच्या आड येत नसेल तर कापत नाही. एका आजोबांच्या ऑक्सिजनच्या मास्कखाली तुळशीची माळ होती, पट्टा नीट बसेना. त्यांच्या मुलीने स्वतःच ती काढून त्यांच्या मुठीत दिली, मूठ रात्रभर सुटली नाही. अशा वेळी मला श्रद्धेचा राग येत नाही. राग येतो तो उशिरा आणलेल्या पेशंटचा, आधी तीन ठिकाणी उतारे टाकून मग आमच्याकडे आलेल्यांचा. दयामयी आणि त्या आजोबांची मुलगी, दोघीही श्रद्धाळूच. त्या मुलीला नाही म्हणायची मुभा होती, दयामयीला नव्हती.

तर्ककर्कश
शेवंताताई, मनापासून लिहिलंत. २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यात हीच रेघ ओढलेली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. देवळात जाणं, पूजा, वारी, कशालाही त्यात हात लावलेला नाही. डॉ. दाभोलकरांनी त्यासाठी किती वर्षं काढली, आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर मग वटहुकूम निघाला. हे आठवलं की माझा आवाज चढतो, समजून घ्या.

'देवी' मला मान्य आहे. त्यात राय बुद्धीच्या बाजूने उभे राहतात.

शेवंता
उभे राहतात, पण नवऱ्याला तरी कुठे जिंकू देतात? शिकलेला उमाप्रसाद तिला रात्री नदीकाठी घेऊन येतो, नावेतून पळून जायचं ठरतं. काठावर विसर्जन केलेल्या मूर्तीचा सांगाडा पडलेला असतो. तो पाहून ती थबकते. आपण खरंच देवी असलो तर, असं तिच्या मनात येतं, आणि ती मागे फिरते. शिकलेल्या माणसाकडे त्या क्षणी तिला द्यायला उत्तर नसतं. तिला भीती वाटते आहे हे त्याला कळतं, काय वाटतं आहे ते कळत नाही.

जुनाजाणता
सगळे परदेशात आणि बंगालमध्ये फिरताय, जरा घरी या. भारतीय चित्रपटाची सुरुवातच या प्रश्नातून झालीय. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि तो पाहताना मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे श्रद्धा तिकडची, पडदा तिकडचा, आणि त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. चमत्कार दाखवणारा हा माणूस छपाई, छायाचित्रण आणि जादूचे प्रयोग शिकलेला होता. यंत्र हातात धरून देव दाखवणारा.

आणि 'संत तुकाराम' (१९३६) कसा राहिला? प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शक, दोघेही हाताने काम करणारे तंत्रज्ञ. वह्या इंद्रायणीतून परत येतात, वैकुंठाचं विमान येतं, सगळे चमत्कार कसलाही आडपडदा न ठेवता दाखवलेत. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, पण लोक अजून तुकोबांचा अभंग म्हणून गातात.

पण माझ्या मते या धाग्याचा खरा नायक त्यात पागनीसांचा तुकाराम नाहीच, गौरीबाईंची आवली आहे. पोर तापाने फणफणलंय, घरात दाणा नाही, नवरा कीर्तनात. ती एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, त्या काळ्याला जाब विचारायला. श्रद्धा आणि बुद्धी यांत ती कुठे बसते सांगा बरं. देव नाहीच असं ती म्हणत नाही. तो आहे आणि कामचुकार आहे, असं तिचं म्हणणं आहे. आणि शेवटी विमान खरंच आलं तरी ती त्यात बसत नाही. तिला घर आहे, पोरं आहेत, म्हैस आहे.

बोरूबहाद्दर
पायताण घेऊन देवळात शिरणारी बाई १९३६ च्या पडद्यावर चालली. आज पोस्टरवर छापून बघा.

गावठाण
आमच्याकडं देव आणि बुद्धी असं भांडण नसतंच, देव आणि ठेकेदार असं असतं. उमेश कुलकर्णींचा 'देऊळ' (२०११) बघा. केशाला औदुंबराखाली दत्त दिसतात. पोरगं साधं, गाय राखणारं, त्याला खरंच दिसले. ते खोटं बोलत नाही. गावात दवाखाना व्हावा म्हणून धडपडणारे अण्णा मागं राहतात आणि गावचे पुढारी भाऊ यांच्या आशीर्वादानं देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, रस्ता होतो. शेवटी केशालाच आपला देव तिथून काढून न्यावा लागतो आणि गाव दुसरी मूर्ती आणून बसवतं.

आमच्या गावात असंच झालं. देऊळ मोठं झालं, कमान झाली, पार्किंग झालं. आरोग्य केंद्राला इमारत आहे, कुलूप पण चांगलं आहे. त्यामुळं मला केशा आणि अण्णा एका बाजूला दिसतात. दोघांनाही गावानं वापरलं.

तर्ककर्कश
गावठाण, +१००. केशाला दिसलं ते त्याचं त्याला खरं. त्यावर पावती फाडायला सुरुवात झाली की माझं भांडण सुरू होतं.

मोरपंखी
थोडं अवांतर : 'जय संतोषी माँ'च्या (१९७५) वेळी लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जायचे, पडद्यावर फुलं उधळायचे. आमच्या घरी अजून सांगतात. समोर कापड आहे हे त्यांनाही कळत होतंच की. कळत असूनही हात जोडले जातात, याला काय म्हणायचं?

कातरवेळ
मोरपंखी, अवांतर नाही ते. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 'विंटर लाइट'मध्ये (१९६३) याच्या बरोबर उलटं आहे. पाद्री तोमासचा विश्वास आटलाय पण उपासना चालवणं सुटलेलं नाही. चीनकडे अणुबॉम्ब येणार या भीतीने खचलेला एक कोळी त्याच्याकडे धीर मागायला येतो, तर हाच त्याला आपल्या शंका ऐकवतो. तो माणूस जाऊन आत्महत्या करतो. इथे हद्द श्रद्धेची दाखवलीय. आणि शेवटी जवळपास रिकाम्या चर्चमध्ये गुडघे टेकून कोण बसतं, तर देव न मानणारी शिक्षिका मार्ता. तर्ककर्कश, फासे बनवायचेच होते तर बर्गमनने तिला असं बसवलं नसतं.

पाणकळा
सगळ्यांचे आभार, धागा इतका सकस होईल असं वाटलं नव्हतं. आता मूळ चित्रपटाकडे येते, कारण बर्फावर इतकं बोलून झाल्यावर मला स्पष्ट दिसलं की हद्द बर्फ फुटण्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली आहे.

सकाळची वेळ. पावेलने संगणकावर एक गणित सोडवलंय, 'मपेट्स'मधल्या बाहुल्यांचं, मिस पिगी कर्मिटचा पाठलाग करते त्याचं, आणि तो खूश आहे. मग बाहेर जातो, वाटेत ओळखीचं भटकं कुत्रं मरून पडलेलं दिसतं. परत येऊन तो बापाला विचारतो की मरण म्हणजे काय. बाप प्रामाणिक उत्तर देतो : हृदय रक्त ढकलायचं थांबतं, मेंदूला रक्त पोचत नाही, सगळं बंद पडतं. पोरगं विचारतं, मग उरतं काय? बाप सांगतो की माणसाने केलेलं काम उरतं, आठवण उरते. उत्तरात काही खोट नाही. पोराचं समाधान मात्र होत नाही आणि बापालाही ते दिसतं.

नंतर तोच प्रश्न आत्याकडे जातो, देव म्हणजे कोण? ती त्याला जवळ घेते, घट्ट मिठी मारते आणि विचारते, आता काय वाटतंय? तो म्हणतो, तू मला आवडतेस. ती म्हणते, त्यातच आहे तो. हेही पुराव्याने सिद्ध करता येणारं उत्तर नाही. पण पोरगं तिथे थांबतं.

बर्फ फुटला नसता, पावेल मजेत स्केटिंग करून घरी आला असता, तरी हा प्रश्न तसाच उरला असता. म्हणून मला हा चित्रपट शिक्षेचा वाटत नाही. आणि श्रद्धेलाही त्यात मोकळं सोडलेलं नाही. शेवटी बाप अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये जाऊन वेदी उलथवतो. मेणबत्तीचं मेण मेरीच्या तसबिरीवर सांडून गालावरून ओघळतं, ते अश्रूंसारखं दिसतं. तो पवित्र पाण्यात हात घालतो तर तेही गोठलेलं. तो बर्फाचा तुकडा काढतो आणि कपाळाला लावतो. तळ्यातला बर्फ संगणकाने मोजला होता, हा कुणी मोजलेला नाही, आणि तोही त्याला काही सांगत नाही. आत्याचा देव पावेलला वाचवायला आला नाही, ही गोष्ट दिग्दर्शकाने लपवलेली नाही.

उत्तरध्रुव
तळ्याकाठचा तो शेकोटीवाला माणूस दहापैकी बहुतेक भागांत दिसतो, आणि एकदाही मध्ये पडत नाही. पहिल्याच भागात तो डोळे पुसताना दिसतो. बघतो, रडतो, पण पोराला हाक मारत नाही.

तर्ककर्कश
तो देव असेल तर माझा आक्षेप आणखी वाढतो.

पाणकळा, तुमचं सकाळच्या प्रसंगाचं निरीक्षण मला मान्य आहे. मी आठवीला विज्ञान शिकवतो. श्वसन आणि रक्ताभिसरण शिकवताना दर वर्षी कुणीतरी 'मग मेल्यावर काय?' विचारतंच, आणि मी क्शिश्तोफने दिलं जवळपास तेच उत्तर देतो. यापुढेही तेच देणार, कारण वर्गात मला जे माहीत आहे तेवढंच मी सांगू शकतो. पण ते पोर मधल्या सुट्टीत परत माझ्याकडे आलं तर त्याला पुन्हा हृदयाची आकृती दाखवायची नाही, एवढं या धाग्यावरून मी घेतो. अपशकुन आणि आपोआप पेटणारा संगणक मला अजूनही नको होते. त्यांच्याशिवाय चित्रपट जास्त खरा झाला असता.

शेवंता
सर, त्या पोराला मधल्या सुट्टीत काय सांगाल?

तर्ककर्कश
विचारेन की कोण गेलं.

पाणकळा
क्लबाच्या पुढच्या दोन शनिवारी 'देवी' आणि 'संत तुकाराम' दाखवायचं ठरवतोय. पुण्यात असणाऱ्यांनी जरूर या. जुनाजाणता, 'तुकाराम'आधी प्रभातच्या तंत्राबद्दल तुम्ही बोलाल का? ते विमान नेमकं कसं उडवलं याची सगळ्यांनाच उत्सुकता आहे. शेवंता, 'देवी'ला तुम्ही हव्याच. आणि तर्ककर्कश, चर्चेची सुरुवात तुम्ही करावी अशी इच्छा आहे.

जुनाजाणता
बोलेन. जुनी छायाचित्रं आहेत माझ्याकडे, तीही आणतो.

तर्ककर्कश
येतो. पण मी आवलीच्या बाजूने बोलणार, आधीच सांगून ठेवतो.